घरगुती सर्व्हर प्रणालीची नवी आवृत्ती आणि वापरकर्त्याचा विश्वास

घरातील छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि संगणकांचे बॅकअप एका जागी साठवून ते घरातल्या सर्व उपकरणांना उपलब्ध करून देणाऱ्या संगणकाला घरगुती सर्व्हर म्हणतात. त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आल्यावर ती बसवावी की थांबावे, हा निर्णय वापरकर्त्याला निर्धास्तपणे घेता यावा म्हणून निर्माते आणि वापरकर्ते ज्या पद्धती पाळतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट, अनरेड, सिनॉलॉजीची डीएसएम, तसेच सर्व्हर म्हणून वापरल्या जाणाऱ्या डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली हे या प्रकारातील परिचित पर्याय होत. नव्या सोयींच्या यादीने हा विश्वास बसत नाही. बिघाड झाल्यास कालच्या स्थितीत परत जाता येते का आणि दोष आढळल्यास निर्माते तो लगेच व स्पष्ट शब्दांत कळवतात का, यांवर तो ठरतो.

कार्यालयात सर्व्हर सांभाळायला नेमलेला माणूस असतो, नवी आवृत्ती आधी चालवून पाहायला दुसरे यंत्र असते आणि काम अडले तर कोणाला बोलवायचे हे ठरलेले असते. घरात यंत्र एकच असते, सांभाळणारा माणूस दुसरी नोकरी करून हे काम करतो आणि साठवलेल्या गोष्टी बहुधा पुन्हा मिळण्यासारख्या नसतात. बडोद्याच्या मराठी घरांत हे विशेष जाणवते. गायकवाडांच्या राज्यकारभाराच्या निमित्ताने आलेल्या आणि दांडिया बाजार, रावपुरा अशा भागांत स्थायिक झालेल्या कुटुंबांकडे मोडी लिपीतील कागद, वंशावळी, जुने फोटो आणि घरगुती मैफलींच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे असतात. मूळ कॅसेटची फीत एकदा चिकटली की संगणकावरची प्रत हीच मूळ प्रत ठरते. सर्व्हर काकांच्या घरी बडोद्यात आणि तो सांभाळणारा पुतण्या पुण्यात किंवा बंगळूरला, अशीही स्थिती असू शकते. अशा वेळी नव्या आवृत्तीची परीक्षा निर्मात्याच्या चाचणीकक्षात होते तशीच ‘अरे, आजोबांचं रेकॉर्डिंग लागत नाहीये’ या काकूंच्या फोननेही होते. अद्ययावत करण्याचा निर्णय पुतण्याचा, पण त्याचा त्रास सोसणारी माणसे वेगळी. म्हणून विश्वास दोघांचाही मिळवावा लागतो.

पूर्वानुभव : या क्षेत्रातील सर्वांत बोलका अनुभव विंडोज होम सर्व्हरचा आहे. मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली जानेवारी २००७ मध्ये जाहीर केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती ग्राहकांच्या हाती आली. अनेक हार्ड डिस्क एकत्र करून एकच मोठा साठा दाखवणारी ड्राइव्ह एक्स्टेंडर ही सोय तिचे मुख्य आकर्षण होते. डिसेंबर २००७ मध्येच असे उघड झाले, की एकाहून अधिक डिस्क असलेल्या सर्व्हरवरील फाइल काही प्रोग्रॅममधून थेट उघडून बदलली तर ती खराब होऊ शकते. कंपनीने दोष मान्य केला आणि कोणत्या प्रोग्रॅममुळे धोका आहे त्यांची यादीही दिली. परंतु दुरुस्ती जुलै २००८ मधील पॉवर पॅक १ या सुधारणासंचात आली. मधल्या काळात वापरकर्त्यांना आपल्याच सर्व्हरवरील फोटो तिथल्या तिथे न बदलण्याची सावधगिरी बाळगावी लागली. जे यंत्र फोटो सुरक्षित ठेवण्यासाठी घेतले, त्याच्यावरच फोटोंबाबत भरवसा ठेवता येत नाही, ही स्थिती कोणत्याही तांत्रिक दोषापेक्षा गंभीर होती.

पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या वेळी तयार होत असलेल्या आवृत्तीतून ड्राइव्ह एक्स्टेंडरच काढून टाकत असल्याचे जाहीर केले. त्यामागे तांत्रिक कारणे होती. तरीही ज्या सोयीसाठी लोकांनी ही प्रणाली निवडली होती तीच गेल्याने एप्रिल २०११ मध्ये आलेल्या विंडोज होम सर्व्हर २०११ कडे जुन्या वापरकर्त्यांनी साशंकतेने पाहिले. २०१२ मध्ये ही उत्पादनमालिकाच थांबवण्यात आली. नव्या आवृत्तीतून काय जाणार आहे हे काय येणार आहे याच्या आधी आणि ठळकपणे सांगितले पाहिजे, हा धडा यातून मिळतो. तो सर्वांनी घेतलेला नाही.

फ्रीनॅस या मुक्त प्रणालीचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प पुढे आयएक्ससिस्टिम्स या कंपनीकडे आला. मार्च २०१७ मध्ये तिने फ्रीनॅस कोरल या नावाने संपूर्ण नव्या रचनेची आवृत्ती प्रसिद्ध केली आणि महिनाभरात, एप्रिलमध्ये, ती नित्य वापरासाठी योग्य नसून केवळ तंत्रज्ञानाची झलक समजावी, असे जाहीर करून वापरकर्त्यांना आधीच्या ९.१० मालिकेकडे परतण्यास सांगितले. ज्यांनी उत्साहाने कोरल बसवली होती त्यांचे श्रम वाया गेले आणि राग स्वाभाविक होता. तरीही चूक लवकर मान्य करणे हे सदोष आवृत्ती वर्षभर रेटत राहण्यापेक्षा निश्चितच हितकारक ठरले. प्रकल्प टिकला आणि २०२० मध्ये त्याचे ट्रूनॅस असे नामांतर झाले.

परतीची सोय : फ्रीनॅसच्या ९.३ आवृत्तीपासून प्रणाली ज्या डिस्कवर असते तिथे झेडएफएस ही फाइलरचना वापरली जाते. अद्ययावत करताना जुनी आवृत्ती पुसली जात नाही. नवी तिच्या शेजारी बसते आणि यंत्र सुरू होताना दोहोंपैकी एक निवडता येते. घरातील स्मार्ट उपकरणे चालवणाऱ्या होम असिस्टंटच्या प्रणालीतही दोन स्वतंत्र जागा राखलेल्या असतात आणि नवी आवृत्ती सुरूच झाली नाही तर यंत्र जुनीवर परत येते. अशी सोय असली की अद्ययावत करणे हा एकतर्फी निर्णय राहत नाही, आणि वापरकर्त्याची भीती मुख्यतः त्या एकतर्फीपणाचीच असते. याउलट सिनॉलॉजीच्या डीएसएममध्ये मागच्या आवृत्तीवर परतण्याची अधिकृत सोय नाही. ऑगस्ट २०२४ मधील ७.२.२ आवृत्तीत व्हिडिओ स्टेशन हे चित्रफिती पाहण्याचे साधन काढून टाकले, तेव्हा समोर आलेली सूचना न वाचता बटण दाबणाऱ्यांना ते उशिरा कळले.

परतीच्या सोयीलाही मर्यादा असते आणि ती नेमकी कुठे आहे हे फार थोड्या ठिकाणी नीट सांगितलेले आढळते. ट्रूनॅसची नवी आवृत्ती बसवल्यावर साठ्याच्या पानावर एक सूचना दिसते, की या डिस्कसंचासाठी (त्याला पूल म्हणतात) नवी वैशिष्ट्ये उपलब्ध असून तो अपग्रेड करता येईल. ही सूचना दिसायला साधी असते आणि ती दूर करण्यासाठी बटण दाबण्याचा मोह होतो. परंतु प्रणाली बदलणे आणि पूल अपग्रेड करणे या दोन अगदी वेगळ्या कृती आहेत. पहिलीतून मागे येता येते. दुसरीत काही वैशिष्ट्ये एकदा वापरात आली, की जुन्या आवृत्तीला तो पूल जोडता येत नाही, म्हणजे जुनी प्रणाली शाबूत असूनही तिच्या दृष्टीने फोटो असलेल्या डिस्क अनोळखी होतात. म्हणून नवी आवृत्ती काही आठवडे घरात सुरळीत चालेपर्यंत पूल जसा आहे तसाच ठेवावा. पूल अपग्रेड न केल्याने साठ्याचे काही बिघडत नाही.

टप्प्याटप्प्याने प्रसार : डेबियनमध्ये कोणतेही पॅकेज (सॉफ्टवेअरचा एक घटक) आधी अनस्टेबल (अस्थिर), मग टेस्टिंग (चाचणीची) आणि शेवटी स्टेबल (स्थिर) शाखेत येते. स्टेबल आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. त्यापूर्वी बदल गोठवले जातात आणि गंभीर दोषांची यादी सर्वांना पाहता येते. प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपत्रात कोणत्या अडचणी येऊ शकतात याचे स्वतंत्र प्रकरण असते आणि जाणकार तेच आधी वाचतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाण्याची सूचना पहिली सुधारित आवृत्ती निघाल्यावरच दाखवली जाते. २०२४ मध्ये अपग्रेडशी संबंधित दोषांमुळे २४.०४.१ ही आवृत्ती दोन आठवडे पुढे ढकलण्यात आली. ट्रूनॅसचे निर्माते नवे वापरून पाहणारे, सामान्य आणि सावध अशा वापरकर्त्यांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्यांची शिफारस प्रसिद्ध करतात. ही पद्धत अनुकरणीय आहे, कारण ‘ही आवृत्ती तयार आहे का’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नसते.

संथपणाचे मोल मार्च २०२४ मध्ये दिसले. फाइल लहान करण्यासाठी जवळपास सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट घालण्यात आली होती. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे लक्षात आल्याने आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी ती शोधून काढली. तोवर ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत पोहोचली होती. स्टेबलमध्ये मात्र नव्हती.

दोष कळवण्याची पद्धत : ऑक्टोबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएस (वर उल्लेखलेल्या झेडएफएसचे मुक्त रूप) २.२.० प्रसिद्ध झाल्यावर कॉपी केलेल्या काही फाइलींतील मजकुराच्या जागी शून्ये भरली जात असल्याचे आढळले. संशय नव्याने आलेल्या ब्लॉक क्लोनिंगवर (मजकूर पुन्हा न लिहिता फाइलची प्रत करण्याच्या सोयीवर) होता, म्हणून २.२.१ मध्ये ती सोय बंद करण्यात आली. तपास पुढे गेल्यावर मूळ दोष जुन्या आवृत्त्यांतही असल्याचे स्पष्ट झाले. नव्या बदलांमुळे तो केवळ अधिक सहजपणे प्रकट होत होता. नोव्हेंबरअखेर २.२.२ बरोबरच जुन्या मालिकेतही, २.१.१४ मध्ये, दुरुस्ती देण्यात आली. हा सर्व तपास उघडपणे चालला होता. कोणत्या परिस्थितीत फाइल खराब होते हे समजल्यामुळे आपल्याला धोका किती आहे हे वापरकर्त्यांना स्वतः ठरवता आले. ‘काही सुधारणा केल्या आहेत’ एवढेच सांगणाऱ्या निवेदनातून तसे ठरवता येत नाही.

घरच्या घरी चाचणी : निर्मात्यांच्या चाचण्यांत सहसा न येणाऱ्या गोष्टी घरातच तपासाव्या लागतात. मराठी फाइलनावे हे याचे उत्तम उदाहरण आहे. ‘कऱ्हाडची पत्रे’ या नावातील ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, र आणि नुक्ता असे दोन संकेत जोडूनही लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड र, हलन्त व एक अदृश्य जोडसंकेत वापरून हेच रूप उमटवतात. पडद्यावर तिन्ही नावे सारखी दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ती तीन वेगळी नावे असू शकतात. मॅक, विंडोज आणि अँड्रॉइड फोन एकाच सर्व्हरला जोडलेले असतील आणि नव्या आवृत्तीत फाइल पुरवण्याची मांडणी बदलली असेल, तर फोल्डर दोनदा दिसतो किंवा दिसतो पण उघडत नाही. म्हणून चाचणीच्या संचात इंग्रजी नावांबरोबर अशी मराठी आणि बडोद्याच्या घरांत असतातच ती गुजराती नावे ठेवावीत, आणि दोष आढळल्यास नेमक्या नावासह निर्मात्याला कळवावा. या भाषांतल्या वापरकर्त्यांनी कळवल्याशिवाय हे दोष कोणाच्या नजरेस येणार नाहीत.

चाचणीसाठी जुन्या संगणकावर किंवा आभासी यंत्रात नवी आवृत्ती बसवून बॅकअपमधील काही फोल्डर तिथे परत आणून पाहणे पुरेसे होते. यातून बॅकअप खरोखर परत आणता येतो की नाही हेही कळते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या नव्या आवृत्तीच्या फाइलचा तपासणी-अंक (फाइल जशीच्या तशी मिळाली का हे पडताळण्याचा अंक) निर्मात्याने दिलेल्या अंकाशी जुळतो का, हे आधी पाहावे. दिवाळी, उत्तरायण किंवा लग्नकार्याच्या तोंडावर आवृत्ती बदलू नये. बॅकअपची एक प्रत घराबाहेर असावी, या सर्वमान्य नियमाला बडोद्यात आणखी एक कारण आहे : जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी शहरातील वस्त्यांत शिरले होते, आणि तळमजल्यावरील सर्व्हरशेजारीच ठेवलेली बॅकअपची डिस्क अशा वेळी उपयोगाची नसते.

अद्ययावत न करण्याचा धोका : अविश्वासामुळे जुनीच आवृत्ती अनेक वर्षे चालू ठेवणे हेही सुरक्षित नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती साठवण यंत्रांवर इंटरनेटवरून हल्ला होऊन जगभरातील अनेक वापरकर्त्यांची माहिती पुसली गेली. या यंत्रांसाठीची शेवटची सुधारणा २०१५ मधील होती. म्हणून सुरक्षा दुरुस्त्या आणि मोठे बदल वेगळे ठेवणाऱ्या प्रणाली घरासाठी अधिक योग्य होत. दुरुस्त्या त्वरित घ्याव्यात. मोठी आवृत्ती थांबून घेतली तरी चालते.

मुदतीचे वचन : एखादी आवृत्ती किती वर्षे सांभाळली जाईल याची जाहीर तारीख हा विश्वासाचा आणखी एक आधार असतो आणि तो मोडला तर लोक प्रणालीच बदलतात. सेंटओएस या सर्व्हरसाठीच्या लिनक्स प्रणालीच्या ८ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील अशी अपेक्षा दिलेली असताना डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ च्या अखेरीवर आणण्यात आली. त्यानंतर काही महिन्यांतच आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन पर्यायी प्रणाली प्रसिद्ध झाल्या आणि सेंटओएसच्या अनेक वापरकर्त्यांनी त्यांचा आधार घेतला.