बॉम्बे रक्तगट
तांबड्या पेशींवर ए व बी या प्रतिजनांबरोबरच (रक्तगट ठरविणाऱ्या पृष्ठभागावरील रेणूंबरोबरच), ओ गटात असणारा एच हा मूळ प्रतिजनही नसलेला विरळ आनुवंशिक रक्तगट. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो मुंबईत नोंदविला, म्हणून हे नाव. धारकांची मूळ गावे मात्र पुष्कळदा सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण व लगतच्या कर्नाटकात निघतात. भारतात सुमारे दहा हजारांत एक असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते.

ए व बी प्रतिजन का दिसत नाहीत, हा प्रारंभी वादाचा विषय होता. लेव्हाइन या संशोधकाने व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये त्यांना दडपणारे स्वतंत्र जनुक कल्पिले. वॅटकिन्स व मॉर्गन या संशोधकांच्या मते एच ही ए-बीची पूर्वावस्था असून तीच न बनल्याने पुढची साखळी अडते. १९९० मध्ये एच प्रतिजन घडविणारे एफयूटी१ जनुक विलग झाल्यावर दुसरे मत ग्राह्य ठरले. धारकाकडे ए किंवा बी जनुक सुप्त असू शकते. ‘ओ’ समजल्या गेलेल्या व्यक्तीचे मूल एबी निघाल्यास पितृत्वावर शंका घेण्यापूर्वी हे तपासावे.

भारतीय धारकांत एफयूटी१ मधील ७२५ व्या स्थानाचा बदल आणि शेजारच्या एफयूटी२ जनुकाचा लोप बहुधा एकत्र आढळतात. ही जोडी स्वतंत्रपणे पुनःपुन्हा उद्भवणे असंभाव्य, म्हणून एकच पूर्वज मानणे सयुक्तिक वाटते. हिंदी महासागरातील रीयुनियन या फ्रेंच बेटावरील भारतीय वंशाच्या धारकांतही ती सापडल्याने उगम एकोणिसाव्या शतकात भारतातून तेथे झालेल्या मजूर-स्थलांतरापूर्वीचा असावा. तेथील युरोपीय वंशाच्या धारकांतील बदल निराळा आहे.

सातारा-सांगलीकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक (एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) १/१६ असतो. हा गट दिसण्यास सदोष जनुक आईवडील दोघांकडूनही यावे लागते. अशी सोयरीक उत्परिवर्तन घडवीत नाही, दोन्ही घरांत लपलेले एकत्र आणते. पिढ्यान्‌पिढ्या पंचक्रोशीतच जुळणाऱ्या लग्नांनीही तेच घडते.

हा गट म्हणजे आजार नव्हे. फ्यूकोज शर्करेच्या वहनातील दोषामुळे होणाऱ्या एका अतिविरळ प्रतिकारक्षमता-विकारात मात्र हाच रक्तगट दिसतो.

नेहमीच्या तपासणीत गट ओ दिसतो. धारकाच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे असतात; त्याने ओ पेशींच्याही गुठळ्या केल्या की संशय बळावतो. म्हणूनच धारकाला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. आईवडील दोघेही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असल्यास प्रत्येक भावंडाचा गट हाच असण्याची शक्यता चारांत एक, त्यामुळे रक्तपेढ्या प्रथम भावंडांना बोलावतात.