कैरोच्या पाच दिवसांच्या बेलीडान्स वर्कशॉपला येताय? मग हे आधी वाचून घ्या

नमस्कार मैत्रिणींनो! ज्यांचं बुकिंग झालंय आणि ज्यांचं अजून 'बघू, विचार करते' चाललंय, दोघींसाठी हे पत्रक आहे. आम्ही पुण्यातल्या तिघीजणी दर हिवाळ्यात फक्त आठजणींची बॅच घेऊन कैरोला जातो, आणि दरवेळी एकाच बाईंकडे जातो. बाईंनी सत्तरी ओलांडली आहे, आयुष्य शिकवण्यात गेलंय, सगळे त्यांना मादाम म्हणतात. त्यांना स्वतःचं नाव जाहिरातीत आलेलं चालत नाही म्हणून इथे छापलेलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी आमच्याकडे येऊन हळूच विचारतेच की अगं, स्टेप्स कधी सुरू होणार? तर स्टेप्स कमीच मिळतात. पाच दिवसांत फार तर दीड-दोन मिनिटांचा तुकडा बसतो. स्टेप्स आता घरबसल्या ऑनलाइन कितीही शिकता येतात, मादामकडे जायचं ते कान तयार करायला, आणि हे आधी माहीत असलं की पहिले दोन दिवस चिडचिडीत जात नाहीत.

पहिल्या दिवशी हॉलमधल्या आरशावर चादर टाकली जाते आणि मग फक्त चालायचं, तासभर, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुडघे मोकळे, छाती उचललेली, हात कोपरापासून वर आणि मनगट सगळ्यात शेवटी. ही चाल महमूद रेदा यांच्या परंपरेतली आहे. हे रेदा मूळचे जिम्नॅस्ट, 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेलेले, आणि 1959 मध्ये त्यांनी कैरोत स्वतःचा ट्रूप काढून गावोगावचे नाच थिएटरच्या स्टेजवर आणले. आज इजिप्शियन स्टाइलमध्ये जो ताठ कणा आणि स्टेजभर फिरणं दिसतं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे, म्हणून तो तास कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका.

ज्या कथक किंवा भरतनाट्यम करून आल्यात त्यांना पहिले दोन दिवस जरा जड जातात. भरतनाट्यमवालीचे गुडघे आपोआप बाहेर उघडतात, इथे ते समोर आणि सैल हवेत, कारण इजिप्शियन स्टाइलमध्ये कंबर हलते ती बरीचशी गुडघ्यांच्या जोरावर. कथकवालीचं पाऊल जमिनीवर थाडकन पडतं, इथे पावलाचा आवाज नको. लावणी शिकलेल्या मुली मात्र चेहऱ्याच्या बाबतीत पहिल्याच दिवशी पुढे असतात, त्यांना गाण्याशी बोलायची सवय असते.

दुसरा दिवस तालाचा. तिथे तबला म्हणजे आपली जोडी नव्हे हां, मांडीवर आडवं धरून वाजवायचं एकच वाद्य, जे आपल्याकडे दरबुका म्हणून ओळखतात. बोल मुख्य दोनच, दुम आणि तक. मक्सूम हा रोजच्या वापरातला ठेका, आठ मात्रांत मोजला तर दुम तक – तक, दुम – तक – (रेघ म्हणजे रिकामी मात्रा). सईदी हा वरच्या इजिप्तचा, दक्षिणेकडचा, काठी घेऊन नाचतात तो: दुम तक – दुम, दुम – तक –. फरक फक्त चौथ्या मात्रेवर आहे, तकच्या जागी दुम येतो, पण त्या एका दुमने वजन असं खाली उतरतं की सगळा नाचच बदलतो. आपल्या कहरव्यात आठ मात्रा मोजायची सवय असेल तर हे पटकन बसतं. निघायच्या आधी महिनाभर रोज दहा मिनिटं हे दोन ठेके टाळीवर धरा. बाकी काही नाही केलंत तरी चालेल पण हे कराच.

तिसरा दिवस आमच्या मते अख्ख्या ट्रिपचा गाभा आहे. इजिप्तच्या थोर गायिका उम कुल्थुम यांचं 'इन्ता ओमरी' हे गाणं, 1964 चं, संगीत मोहम्मद अब्देल वहाब यांचं, सुरुवातीला नुसती वाद्यंच बराच वेळ चालतात. सगळ्यांनी खाली बसून ऐकायचं, मग उठून फक्त एका वाद्यावर हलायचं, बाकी वाद्यांना सोडून द्यायचं. गेल्या वेळी कानून नावाच्या तंतुवाद्याची एक लकेर आली तेव्हा मादामनी खुर्चीत बसल्या बसल्या उजवा खांदा बोटभर मागे नेला, बस इतकंच, आणि आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. तरब म्हणतात ते हे, ऐकता ऐकता माणूस भरून येतो. इजिप्शियन नर्तकी सुहेर झकी उम कुल्थुमच्या गाण्यांवर नाचण्यासाठी प्रसिद्ध झाल्या, त्यांचे जुने व्हिडिओ यायच्या आधी बघून ठेवा, किती कमी हलतात आणि किती दिसतं ते बघा.

चौथ्या दिवशी वादक येतात, एक तबला आणि एक अकॉर्डियन, आणि बलदी, म्हणजे तिथल्या मातीतली नाचाची शैली, शिकवली जाते. अकॉर्डियन विचारतो, तबला उत्तर देतो, मध्ये नाचणारी. आपल्या सवाल-जवाबाची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटतच नाही. वादकांना शेवटी बक्षीस द्यायचं, तिथेही हाच शब्द चालतो, ते आपण सगळ्यांचं मिळून पाकिटात देतो.

आता घरच्यांचं. 'बेलीडान्स' म्हटलं की घरी भुवया वर जातात हे आम्हाला माहितीय. हे नाव बाहेरच्यांनी चिकटवलेलं आहे, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत ते फार गाजलं. तिकडे रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. तिथल्या लग्नात आज्या-मावश्यासुद्धा नाचतात, पण मुलीने हा व्यवसाय करावा असं फारशा घरांना वाटत नाही. लावणीच्या कलावंतांनी जे सोसलंय तेच हे, म्हणून आम्ही या नाचाबद्दल हलकं बोललेलं खपवून घेत नाही. आणि हो, पोट उघडं ठेवायची काहीही गरज नाही, लेगिंग, टीशर्ट आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी पुरे. नाण्यांचा स्कार्फ नको, त्याच्या आवाजात ताल ऐकू येत नाही.

क्लास सकाळी 11 ते 1 आणि संध्याकाळी 6 ते 8. तिथलं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे पहिल्या रात्री लवकर झोप येईल, येऊ द्या. पहिल्या वर्षी आम्ही दुपारच्या सुट्टीत पिरॅमिड ठेवले होते आणि संध्याकाळी सगळ्याजणी गळून गेल्या, चूक आमचीच होती. आता पिरॅमिड आणि खान अल-खलीलीचा जुना बाजार दोन्ही सहाव्या दिवशी. शाकाहारी मैत्रिणींनी काळजी करू नका, कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा, पोट मस्त भरतं.

क्लासमध्ये मोबाईल बंद. शूटिंग फक्त शेवटच्या दिवशी, तेही मादामना विचारून, आणि ते कुठेही टाकायचं नाही. गुडघा, कंबर, स्लिप डिस्क असलं काही असेल तर डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही कळवा, लपवू नका, मादाम खुर्चीत बसूनही शिकवतात. किमान वर्षभर नाच शिकलेला असावा, कुठलाही चालेल.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालणारा हवा, आणि व्हिसाला वेळ लागतो म्हणून पासपोर्टची कॉपी आणि दोन फोटो बुकिंगच्या दिवशीच द्या.