‘कट्’ आवाज म्हणजे मणका जागेवर बसणे नव्हे

फिजिओथेरपी आणि कायरोप्रॅक्टिक (मणक्याला हाताने झटका देण्याची उपचारपद्धत) हे एकच, आणि मान किंवा कंबर वळवताना ‘कट्’ आवाज आला की सरकलेला मणका जागेवर बसला, असा समज फोंड्यापासून म्हापशापर्यंत घरोघरी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकाएकी कमी झाल्याने त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. बोटे मोडतानाही हेच घडते.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत सुरू केली आणि तिचा मुख्य भर आजही मणक्याला हाताने दिलेल्या झटक्यावर आहे. फिजिओथेरपीचा आवाका पुष्कळ मोठा: पक्षाघातानंतर रुग्णाला पुन्हा चालते करणे, शस्त्रक्रियेनंतर गुडघा मोकळा करणे, छातीतला कफ सुटण्यास मदत करणे, हे सारे तिच्यात येते. आदोळीवर बसून नारळ खोवताना जिची कंबर धरते, अशा बाईला फिजिओथेरपिस्ट आधी बसून, उठून, वाकून दाखवायला सांगतो, कोणते स्नायू दुबळे झाले आहेत ते पाहतो आणि मग रोज घरी करायचे व्यायाम शिकवतो.

काही प्रकारच्या कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचारांनी आराम पडतो, हे मान्य करायलाच हवे. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही ते करतात. मात्र मानेला दिलेल्या झटक्यानंतर, क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हातापायांतली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर कुणाकडूनही कंबर मोडून न घेता तातडीने इस्पितळ गाठावे.