स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट विकसन साधने

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून जपलेल्या नोंदींच्या साखळीवर, आपोआप अमलात येणारे करारवजा प्रोग्रॅम (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट) लिहिणे, ते यंत्राला चालवता येणाऱ्या बाइटकोडमध्ये उतरवणे आणि खरा पैसा गुंतण्याआधी त्यांची कसून परीक्षा घेणे, या तीन कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरांचा हा वर्ग आहे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची कल्पना संगणकशास्त्रज्ञ निक झाबो यांनी १९९० च्या दशकात मांडली; तिला सर्वसाधारण वापराचे व्यासपीठ मिळाले ते ३० जुलै २०१५ रोजी इथेरियम या ब्लॉकचेनचे जाळे सुरू झाल्यावर. इथेरियमवरील बहुतेक कॉन्ट्रॅक्ट सॉलिडिटी या भाषेत लिहिले जातात. या भाषेचा प्रस्ताव इथेरियमचे एक सहसंस्थापक गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये मांडला होता. पायथनशी जवळीक असलेली वायपर ही दुसरी भाषा तुलनेने कमी वापरात आहे.

एकदा साखळीवर चढवलेला कोड सहसा बदलता येत नाही, आणि त्यात अडकलेली रक्कम सोडवायला कोणतीही बँक किंवा कचेरी पुढे येत नाही. त्यामुळे या क्षेत्रात लिहिण्याच्या साधनांपेक्षा तपासण्याच्या साधनांची वाढ अधिक झाली. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या सामूहिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचे चलन) काढून घेतले गेले आणि तो व्यवहार उलटवण्यासाठी पुढच्याच महिन्यात इथेरियमच्या साखळीला फाटा फोडून नोंदींची नवी शाखा सुरू करावी लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथर ठेवण्याच्या पॅरिटी वॉलेटच्या सामाईक लायब्ररीचा (अनेक वॉलेट वापरत असलेल्या कोडचा) ताबा एका वापरकर्त्याकडे गेला; त्याने ती नष्ट करताच तिच्यावर अवलंबून असलेल्या वॉलेटांतील पाच लाखांहून अधिक इथर कायमचे गोठले.

साधनांचा इतिहास थोडक्यात असा. रीमिक्स हे संपादक व कंपायलर (कोडचे बाइटकोडमध्ये रूपांतर करणारा) एकत्र असलेले साधन ब्राउझरमध्येच चालते आणि नवशिक्याची सुरुवात अजूनही बहुधा तिथूनच होते. ट्रफल हा साधनसंच व त्याच्या जोडीची गनाश ही स्थानिक साखळी (आपल्याच संगणकावर चालणारी सरावाची ब्लॉकचेन) यांनी पहिली काही वर्षे गाजवली. २०२३ मध्ये कन्सेन्सिस कंपनीने दोन्ही बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यांची जागा हार्डहॅट आणि फाउंड्री यांनी घेतली. हार्डहॅटमध्ये चाचण्या पूर्वापार जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिल्या जातात, तर रस्ट भाषेत बांधलेल्या फाउंड्रीत चाचणीही सॉलिडिटीतच लिहिली जाते. चाचण्या चालवणारे फोर्ज, स्थानिक साखळी उभी करणारे ॲनव्हिल आणि साखळीशी संवाद साधणारे कास्ट हे फाउंड्रीचे प्रमुख भाग होत. यांपैकी कोणते चांगले हा वाद न संपणारा आहे. मात्र कॉन्ट्रॅक्ट आणि चाचणी एकाच भाषेत असण्याची सोय मोठी आहे, हे मान्य करावे लागते.

ही साधने कशी वापरतात हे नागपूर जिल्ह्यातील एका परिचित व्यवहारावरून समजून घेता येईल. काटोल-नरखेड भागात व्यापारी संत्र्याची बाग झाडावर फळ असतानाच ठरवतो, शेतकऱ्याला इसार देतो आणि ठरल्या मुदतीत तोड करतो. मुदत टळली तर इसार बुडतो. हा सौदा कॉन्ट्रॅक्टमध्ये मांडायचा तर इसार भरणे, तोडणीची पोच देणे, पोच मिळाल्यावर इसार परत घेणे आणि मुदतीनंतर इसारावर दावा करणे अशी चार फंक्शने (कॉन्ट्रॅक्टला सांगता येणारी कामे) लागतील. आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होते. काही महिने आधी केलेल्या सौद्याची मुदत संपेपर्यंत चाचणीसाठी कोणी थांबत नाही. फाउंड्रीतील ‘वॉर्प’ या आज्ञेने स्थानिक साखळीचे घड्याळ थेट त्या तारखेच्या पुढे नेता येते. ‘प्रँक’ने पुढची हाक (फंक्शनला दिलेले बोलावणे) शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या किंवा तिऱ्हाइताच्या पत्त्यावरून आल्याचे भासवता येते, आणि ‘एक्स्पेक्टरिव्हर्ट’ने तिऱ्हाइताचा दावा फेटाळला जातोच याची खातरजमा करता येते. जे घडू नये ते खरोखर घडत नाही, हे दाखवणाऱ्या अशा चाचण्या अनेकदा मूळ कोडपेक्षा लांब होतात, आणि ते योग्यच आहे.

याच सौद्यात डाओची चूक सहज शिरू शकते. शेतकऱ्याने तोडणीची पोच दिल्यावर व्यापाऱ्याचा इसार परत करणारे फंक्शन आधी रक्कम पाठवते आणि मग त्याच्या नावावरील नोंद शून्य करते, असे समजा. रक्कम घेणारा पत्ता स्वतःच एक कॉन्ट्रॅक्ट असेल, तर पैसे हाती पडताच तो तेच फंक्शन पुन्हा बोलावू शकतो. नोंद अजून शून्य झालेली नसल्याने त्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पैसे मिळत राहतात आणि त्यात इतर सौद्यांचे इसारही वाहून जातात. उपाय दोन ओळींची अदलाबदल करण्याइतका सोपा आहे: आधी नोंद शून्य करायची, मग रक्कम पाठवायची. पण उपाय लागू पडला हे सिद्ध करण्यासाठी चाचणीत असा हल्लेखोर कॉन्ट्रॅक्ट मुद्दाम लिहून सोडावा लागतो. ट्रेल ऑफ बिट्स या संस्थेचे स्लिदर हे साधन कोड न चालवता, नुसता वाचून असा उलटा क्रम दाखवून देते. अर्थात त्याच्या अहवालात निरुपद्रवी इशाऱ्यांचीही भर असते.

आकडेमोडीतील चुका वेगळ्या जातीच्या असतात. सॉलिडिटीत अपूर्णांकांचे गणित नाही. एक इथर म्हणजे १ वर १८ शून्ये इतके वेई (इथरचे सर्वांत लहान एकक) आणि सारा हिशेब पूर्णांकांत. १५ टक्के काढताना आधी १०० ने भागून मग १५ ने गुणले, तर शंभरपेक्षा लहान आकड्याचे उत्तर शून्य येते. बेरीज-वजाबाकी मर्यादेबाहेर गेल्यास व्यवहार रद्द करण्याची व्यवस्था डिसेंबर २०२० मधील ०.८.० आवृत्तीपासून भाषेतच आली; भागाकारात गळणारी बाकी मात्र लिहिणाऱ्यालाच सांभाळावी लागते. अशा ठिकाणी फझ चाचणी कामी येते. फोर्ज एकाच चाचणीला मूळ मांडणीनुसार २५६ वेगवेगळ्या यादृच्छिक रकमा पुरवते आणि नियम मोडणारी रक्कम सापडली की ती दाखवते. एकिडना हे साधन फंक्शनांच्या हाकांचा क्रमही बदलून पाहते.

कोड बरोबर असला तरी महाग असू शकतो. साध्या हस्तांतरालाही २१,००० गॅस (कोड चालवण्याचा खर्च मोजण्याचे एकक) लागतो आणि साखळीवर कायमची नोंद करणे हे सर्वांत खर्चिक कामांपैकी एक असल्याने फोर्ज प्रत्येक फंक्शनचा गॅस-अहवाल देते. स्थानिक साखळीनंतरचा टप्पा सेपोलियासारख्या टेस्टनेटचा, म्हणजे चाचणीसाठीच्या सार्वजनिक जाळ्याचा, असतो. तिथले इथर फॉसेटवरून (सरावाचे इथर वाटणाऱ्या संकेतस्थळावरून) फुकट मिळते. ही बहुतेक साधने मुक्त स्रोत असल्याने नागपुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा सगळा सराव लॅपटॉप आणि इंटरनेटवर, पदरचा पैसा न घालता करता येतो.

या साधनांच्या कक्षेबाहेर राहते ते साखळीबाहेरचे जग. नागपूरच्या कळमना बाजाराच्या काट्यावर माल किती भरला, हे कॉन्ट्रॅक्टला स्वतः कळत नाही. ते ओरॅकलमार्फत, म्हणजे बाहेरची माहिती साखळीवर आणणाऱ्या सेवेमार्फत, सांगावे लागते. चाचणीत ओरॅकलच्या जागी ठरावीक उत्तर देणारा मॉक बसवतात. त्यामुळे चुकीचा किंवा शिळा आकडा आला तर कॉन्ट्रॅक्ट काय करतो एवढे तपासता येते. आकडा खरा की खोटा हे तपासता येत नाही. नागपूर विभागातील गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली येथे, २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम जाहीर झाला. अशा व्यवस्थेत दाखल्यात नंतर फेरफार झाला का, हे साखळीवरील ठशाशी (दाखल्यावरून काढलेल्या सांकेतिक खुणेशी) ताडून पाहता येते. दाखला देण्यापूर्वीची कागदपत्रांची छाननी मात्र कचेरीतच व्हावी लागते.