चर्चिल : दगडी तट आणि शरणागतीचा वाद

कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, चर्चिल नदीच्या मुखाजवळ, 1717 साली हडसन्स बे कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीने चर्चिलचे ठाणे उभारले ते डेने या तिथल्या मूळ रहिवाशांची फर थेट मिळावी म्हणून. त्यापूर्वी त्यांना यॉर्क फॅक्टरी हे कंपनीचे दक्षिणेकडचे ठाणे गाठायचे तर क्री या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांच्या मुलखातून जावे लागे, आणि दोघांत जुने वैर. 1715 च्या सुमारास एका डेने स्त्रीने समेट घडवला, म्हणून हा व्यापार उभा राहू शकला. तिच्या वाट्याला आलेल्या ओळी फारच थोड्या आहेत.

पहिले ठाणे लाकडी होते, नदीमुखापासून आत. मुखाशी दगडी किल्ल्याचे काम 1731 मध्ये सुरू झाले आणि सुमारे चाळीस वर्षे रेंगाळले. बांधकामाला उन्हाळ्याचे मोजके आठवडे मिळत. थंडीत चुना धरत नाही. तटाची जाडी मध्येच कमी केली गेली, पुढे तोफांना जागा अपुरी पडली आणि पुन्हा बांधणी करावी लागली.

खरा वाद 1782 चा. 8 ऑगस्टला तीन फ्रेंच युद्धनौका दिसल्या. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या अधिकाऱ्याने एकही गोळी न झाडता किल्ला फ्रेंचांना सोपवला. जाड तट आणि चाळीसच्या आसपास तोफा असताना हा भेकडपणा, असे आजही लिहिले जाते. बर्फाचा हंगाम जवळ होता, थोडे दिवस तग धरायचा, हाही मुद्दा येतो. पण आत माणसे होती 39, तीही व्यापारी, गवंडी, मजूर. एक मोठी तोफ चालवायला निदान सहा-सात जण लागतात. म्हणजे सगळे कामाला लावले तरी पाच-सहा तोफाच चालल्या असत्या. समोर 74 तोफांचे एक जहाज, 36 तोफांची दोन आणि किनाऱ्यावर उतरलेले सैनिक. तट बांधताना तो लढवायला माणसे किती लागतील, याचा हिशेब झालाच नाही. दोष त्या निर्णयाचा आहे, अडकलेल्या अधिकाऱ्याचा नव्हे.

फ्रेंचांनी इमारती जाळल्या, तटाला सुरुंग लावले; तट मात्र बराचसा टिकला. 1783 मध्ये इंग्रज परतले ते जुन्या लाकडी ठाण्याच्या जागी. तोवर देवीच्या साथीने डेने वस्त्या ओस पडल्या होत्या. फर आणणारेच उरले नाहीत, त्यामुळे व्यापार खालावला.

आजचे चर्चिल गाव त्या किल्ल्याभोवती वाढले नाही. ते नदीच्या पूर्व काठावर आहे. रेल्वे आधी त्याच उपसागरावरच्या पोर्ट नेल्सनला न्यायची होती, पण तिथला गाळ आवरेना, म्हणून 1927 मध्ये मार्ग चर्चिलकडे वळवला. 1929 मध्ये गाडी पोहोचली आणि 1931 पासून गहू समुद्रमार्गे जाऊ लागला, तोही जेमतेम जुलै ते ऑक्टोबर.