सोलापूरचा ४१३००१ आणि दोन वर्गांची गंमत

चादरीचं पार्सल असो नाहीतर लग्नपत्रिकेचं पाकीट, सोलापुरात ४१३००१ इतक्या वेळा लिहिलं जातं की त्याच्याकडे संख्या म्हणून कुणी बघतच नाही. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. त्यात आपल्या वाट्याला आलेला हा आकडा जरा फोडून बघा, आत लई सुंदर गणित आहे.

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. उरले ४५८८९. आता खरी मेहनत, कारण ७ ने जात नाही, ११ ने नाही, १३ ने नाही, असं करत करत शंभरी ओलांडली तरी दाद देत नाही आणि मग १०९ ला एकदम निःशेष भाग जातो. उत्तर ४२१. हे दोन्ही मूळ संख्या आहेत, म्हणजे ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१.

आता १०९ म्हणजे १०० + ९, १० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग. आणि ४२१ म्हणजे २२५ + १९६, १५ चा अधिक १४ चा. हा योगायोग नाही बरं का. ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते ती दोन वर्गांची बेरीज असतेच, हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये सांगितलं आणि ते सिद्ध व्हायला शंभरहून जास्त वर्षं गेली, ऑयलर या स्विस गणितज्ञाने ते केलं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच येतो, आणि ते वर्ग शोधायची रीत ब्रह्मगुप्ताच्या इ.स. ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’तल्या नियमातून मिळते. वर १०, ३ लिहा, खाली १५, १४. उभे गुणाकार १५० आणि ४२, तिरपे १४० आणि ४५. उभ्यांची वजाबाकी १०८, तिरप्यांची बेरीज १८५, झाले दोन वर्ग. उलट केलं, म्हणजे उभ्यांची बेरीज आणि तिरप्यांची वजाबाकी, तर १९२ आणि ९५. सुरुवातीला बाजूला ठेवलेला ९ हा ३ चाच वर्ग, म्हणून सगळ्यांना ३ ने गुणायचं:

३२४² + ५५५² = ४१३००१
५७६² + २८५² = ४१३००१

कागदावर करून बघाच. ४१३००१ चौकोनी फरश्या असतील तर त्यातून दोन चौरस अंगणं पूर्ण भरतात, एकही फरशी उरत नाही, आणि तेही दोन वेगवेगळ्या मापांनी.

शेजारच्या काही पिनांना हे जमत नाही. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ च येते, मग दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ येणार कुठून? ४१३००३ आणि ४१३००७ ची बाकी ३, त्यामुळे ते बाद. ४ ने भागून बाकी ३ उरते असा मूळ अवयव, जसा ३, जोडीजोडीने आला तरच चालतो; ४१३००४ च्या अवयवांत ३ आहे पण एकटाच, जोडी नाही, म्हणून तोही बाद.