बॉनेटवरचं नाव आणि कारखान्याचं नाव

‘शेवरोले कंपनी भारतातून गेली’ असं आपण सर्रास म्हणतो. गेली ती जनरल मोटर्स. शेवरोले हा तिचा एक ब्रँड. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस इथली विक्री थांबवली आणि 2020 च्या डिसेंबरात तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. अमेरिकेत मात्र शेवरोलेच्या गाड्या आजही विकल्या जातात.

एके काळी शेवरोले खरोखरच स्वतंत्र कंपनी होती, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. विल्यम ड्युरंट यांनी 1908 मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला जनरल मोटर्स स्थापन केली. कर्ज वाढलं आणि 1910 मध्ये बँकवाल्यांनी कारभार त्यांच्या हातून काढून घेतला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी लुई शेवरोले या रेसरला सोबत घेऊन नवी कंपनी काढली. ती इतकी चालली की जनरल मोटर्सच्या एका शेअरला शेवरोलेचे पाच देऊ करत 1916 मध्ये त्यांनी आपली जुनी कंपनी परत मिळवली. धाकटीने थोरलीला विकत घेतलं! 1918 मध्ये शेवरोले जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि तेव्हापासून ब्रँड म्हणून उरली.

एकाच उत्पादकाचे ब्रँड किती जवळचे असतात ते जनरल मोटर्सच्या टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात दिसतं. शेवरोले टाहो, जीएमसी युकॉन आणि कॅडिलॅक एस्कलेड या तिन्ही गाड्या तिथेच तयार होतात. सांगाडा एकच, तोंडवळा, आतली सजावट आणि किंमत वेगळी.

फोर्डच्या बाबतीत गोंधळ होणं साहजिक आहे, कारण कंपनी आणि ब्रँड दोघांचं नाव एकच. लिंकन हा तिचाच दुसरा ब्रँड.

अमेरिकेतल्या गाडीवर हे तपासायचं असेल तर विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यातला सतरा अक्षरी चासी नंबर बघा. सुरुवातीला 1G1 असेल तर 1 म्हणजे अमेरिका, G म्हणजे जनरल मोटर्स, आणि तिन्ही मिळून शेवरोलेची कार. कॅडिलॅकच्या सेडान कारवर 1G6 दिसेल. आपल्याकडे जुनी बीट घेताना आरसी बुक उघडा: मॉडेलपुढे शेवरोले बीट असेल, पण उत्पादकाच्या रकान्यात जनरल मोटर्स इंडिया.